साबण, मीठ आणि शेंडेफळाचा खोकला

मित्रांनो, मला जुनी म्हणा, फुटकी म्हणा, मी मनाला लावून घेणार नाही. पण फळा तेवढं म्हणू नका. फळा भिंतीला टेकून अख्ख्या वर्गावर डोळे वटारतो. मी आपली साधी दगडी पाटी आहे, एका मांडीवर मावेल एवढी.

डोंगराच्या पोटात मी किती वर्षं निजले होते, ते मलाच ठाऊक नाही. खाणीतल्या माणसांनी मला बाहेर काढलं. एका म्हाताऱ्या कारागिराने तासून, घासून चार लाकडी पट्ट्यांत बसवलं आणि बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. "खणखणीत आहे," तो म्हणाला. माझं आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. मग एका वायरमनच्या घरी थोरल्या मुलीसाठी माझी खरेदी झाली. तिने माझ्यावर अक्षरं गिरवली, थुंकी लावून पुसली (शी!) आणि एकदा रागाच्या भरात ती चक्क माझ्यावर बसली. माझा एक कोपरा उडाला तो तेव्हाच. दोन वर्षांनी तिच्या हाती वह्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वह्यांचं मेलं काय एवढं कौतुक? एकदा भरल्या की संपल्या! पण माळ्यावर हे ऐकायला होतं कोण?

मला खाली काढलं ते तिच्या आईने. तिने मला ओल्या फडक्याने पुसलं, पट्टीला भोक पाडून सुतळी ओवली आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलं. शेजारी पेन्सिलीचा तुकडा बांधला. तो तुकडा धाकटा मुलगा, म्हणजे घरातलं शेंडेफळ, दर आठवड्याला कुरतडून खायचा, म्हणून आई नवा बांधायची. माझं खरं काम इथून सुरू झालं.

काम म्हणजे यादी. घरात एखादी गोष्ट संपली की आई हात पुसायची आणि माझ्यावर लिहायची. साबण, मीठ. आणि त्याच्याच खाली, त्याच अक्षरात, शेंडेफळाचा खोकला थांबू दे. पुन्हा काडेपेटी. मग थोरलीला गणित जमू दे. मध्ये रेघ नाही की मोकळी जागा नाही. मला आधी वाटलं, बाईच्या डोक्यात गोंधळ झालाय. थोरलीने एकदा विचारलंही, "आई, देवाची यादी वेगळी नको का?"

आई म्हणाली, "कशाला? प्रभूने शिकवलेली प्रार्थना रविवारी चर्चमध्ये म्हणतो ना, तिच्यात भाकर आणि क्षमा एकापाठोपाठच मागितल्या आहेत. मी कोण त्यांची फारकत करणारी?"

मग रोज भांडी घासताना ती माझ्याकडे पाहत एकेक ओळ पुटपुटायची. जे मिळालं त्याच्यापुढे बरोबरची खूण. काय सांगू तुम्हाला, साबणाच्या खुणेचा आणि खोकल्याच्या खुणेचा मला सारखाच आनंद व्हायचा.

शनिवारी वडील ही यादी चिठ्ठीवर उतरवून कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचे. माणूस कामाला वाघ, पण लिहिताना लक्ष कुठे असायचं देव जाणे! जे दिसेल ते उतरवायचे, खिशात कोंबायचे आणि निघायचे. एका शनिवारी परत आले ते कानापर्यंत लाल होऊन.

"अगं, काय लिहून ठेवतेस तू? दुकानदाराने चारचौघांत वाचलं. साबण दोन, चहापूड एक, आणि ह्यांचा राग आवरू दे. वर मला विचारतो, हे किती देऊ?"

आईने पदर तोंडात कोंबला, पण हसू काही आवरेना. मुली तर जमिनीवर लोळायच्या बाकी होत्या. वडील आधी चिडले, मग चिडलो तर यादीच खरी ठरेल हे लक्षात येऊन गप्प बसले. "पुढच्या वेळी फक्त सामान उतरवा," आई डोळे पुसत म्हणाली.

"मी तेच म्हणालो त्याला. तर म्हणतो, असू द्या, सगळी यादी येऊ द्या." आणि त्यांनी सगळी यादी नेणं चालूच ठेवलं, कारण निवडून लिहायचा त्यांना कंटाळा.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एके दुपारी वन्सं आल्या, म्हणजे वडिलांची मोठी बहीण. चर्चच्या मंडळीतल्या स्त्री-मंडळाचा सगळा भार या बाईवर. इस्पितळात भेटी, गावोगाव सभा, आजाऱ्यांसाठी प्रार्थना. लग्नाआधी आमची आईही त्यांच्याबरोबर हिंडायची, मुलांचे वर्ग घ्यायची, गाणी बसवायची. वन्संनी वही उघडली. "वहिनी, वर्षाचा अहवाल लिहितेय. या वर्षी प्रभूसाठी तू काय सेवा केलीस?"

आईच्या कडेवर शेंडेफळ होतं, एका हातात कालथा होता. तिने कढईतली भाजी एकदा परतली. "काही नाही," ती म्हणाली.

"बरं, मग रेघ मारते," वन्सं म्हणाल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. पुढच्या घरी जायची घाई होती इतकंच.

रेघ काय असते ते मला विचारा. माझ्यावर हजारो ओढल्या गेल्या आणि पुसल्या गेल्या. पण ती वहीतली होती, पुसणार कोण? वन्सं गेल्यावर आईने भाजी उतरवली, शेंडेफळाला खाली ठेवलं आणि फडक्याने मला पूर्ण पुसलं. मग लिहिलं, तेल, मीठ, काडेपेटी. बस्स. भांडी घासताना ती माझ्याकडे पाहीनाशी झाली, पुटपुटेनाशीही झाली. मी वाट पाहिली. एक आठवडा, दोन, तीन. मधलीला ताप आला, तरी माझ्यावर तापाची गोळी एवढंच आलं. मला भीती वाटली, मित्रांनो. या बाईने मागणंच सोडलं, तर या घराचं कसं होणार?

चौथ्या सोमवारी सकाळी मागच्या दाराशी कोणीतरी खाकरलं. दुकानदार! सामान घरी पोचवणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. चेहरा कायम एरंडेल प्यायल्यासारखा. हातात आमची शनिवारची चिठ्ठी.

"वहिनी, तीन आठवडे यादी अर्धीच येतेय. बाकीची कुठे आहे?"

"बाकीची?" आई गोंधळली. "तुमच्याकडे मिळतं तेवढं लिहिलंय की."

दुकानदाराने टोपी काढून हातात धरली. "माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळलीय. मला आता उचल, एवढंच देवाला म्हणायची. ती रागाची ओळ आली त्या दिवशी गंमत म्हणून मी तिला तुमची चिठ्ठी वाचून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, या पोराच्या खोकल्याचं मी बघते. तेव्हापासून आमची वाटणीच झालीय. सामानाचं मी बघतो, बाकीचं आई बघते. दर शनिवारी विचारते, गणित जमलं का पोरीला? आता तीन आठवडे तिच्या हाताला काम नाही, आणि तिने पुन्हा जेवण टाकलंय."

आई खुर्चीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"आणि तिने निरोप दिलाय," दुकानदार म्हणाला. "म्हणाली, इतकी वर्षं ही बाई सगळ्यांसाठी मागते, पण स्वतःसाठी एक ओळ नाही. या वेळी तिची ओळ असल्याशिवाय चिठ्ठी आणलीस तर बघ."

तो गेल्यावर आई माझ्यासमोर उभी राहिली. मधलीचा ताप उतरू दे, असं लिहिलं. दुकानदाराच्या आईने चार घास खावेत, असं लिहिलं. मग पेन्सिल बराच वेळ हवेतच राहिली. शेवटी तिने लिहिलं, इतकं बारीक की मलाही जेमतेम जाणवलं: प्रभू, मी दिवसभर करते ते तुला दिसतं ना?

चिठ्ठी लगेच न्यायची म्हणून वडील दुपारी जेवायला आले तेव्हा ती उतरवायला बसले. तेल, मीठ, ताप, चार घास. त्या ओळीपाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी ती पुन्हा वाचली, मग आईकडे पाहिलं. ती पाठमोरी ताटं वाढत होती.

"त्याला दिसतच असेल गं," ते म्हणाले. "मलाच दिसत नव्हतं."

त्यांनी ती ओळही चिठ्ठीवर उतरवली. मग तिच्या हातातली पळी काढून घेतली, तिला खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः वाढलं. आमटी अर्धी ताटाबाहेर सांडली. त्या दिवशी भांडी घासताना आई पुन्हा पुटपुटू लागली.

पुढच्या महिन्यात वन्सं आल्या तेव्हा ती म्हणाली, "वन्सं, माझ्या नावापुढची रेघ खोडा. लिहा, घर चालवलं, मुलं वाढवली, आणि प्रत्येकासाठी रोज प्रभूकडे मागितलं. सेवा होती ती. मलाच कळलं नव्हतं."

वन्संनी रेघ खोडली, सावकाश लिहिलं आणि वही मिटली. पण उठल्या मात्र नाहीत. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग अगदी लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या यादीत माझं घालशील? सगळ्यांसाठी हिंडते मी, पण घरी गेले की फार एकटं वाटतं."

आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठून मिठाच्या खाली त्यांची ओळ लिहिली.

मित्रांनो, आता माझी चौकट खिळखिळी झाली आहे, एक दिवस मी खिळ्यावरून निसटेनच. माझं एक ऐका. तुमच्याही घरात कोणीतरी सगळ्यांची यादी लिहीत असेल. आज तिच्याजवळ जा आणि विचारा, यात तुझं काय आहे? "काही नाही" म्हणाली, तर रेघ मारून निघून जाऊ नका. तिथेच बसून राहा.