आदरणीय बाभुळगाव कटकट

आमच्या बोरी अरबमध्ये अलीकडे कोणी कोणाशी बोलत नाही, फक्त शुभेच्छा देतात. सकाळ झाली की फोनवर दवात भिजलेला गुलाब येतो. त्याखाली एक सुविचार असतो. तो पाठवणाऱ्यानं वाचलेला नसतो आणि घेणाराही वाचत नाही. दोघेही हात जोडतात आणि कामाला लागतात. मागच्या महिन्यात गावाच्या ग्रुपवर वाघाचा फोटो आला, आमच्याच बसस्टँडवर ऐटीत बसलेला. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाया काम टाकून घरी पळाल्या, मास्तरांनी शाळा लवकर सोडली. संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलं की वाघाच्या मागे नारळाची झाडं आहेत. बोरीत नारळ फक्त देवापुढे फोडायला येतो.

मी निजामुद्दीन. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. गिअरबॉक्स, क्लच, हायड्रॉलिक. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी बेअब्रू होणार आहे.

माझ्या भिंतीला भिंत लागून पुंडलिकरावाचं घर. कापूस-तुरीची शेती, स्वभावानं फटकळ, मनानं साफ. त्याच्या पोरीचं, अपेक्षाचं लग्न निघालं तेव्हा पहिला प्रश्न आला आवतणाचा. आमच्याकडे लग्नाची पत्रिका कितीही चकचकीत छापा, ती नुसती माहितीसाठी. आवतण वेगळं. घरच्या माणसानं दारात यायचं, कुंकू-अक्षता द्यायच्या आणि तोंडानं सांगायचं. त्यातही 'चूलबंद' म्हटलं की घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. एवढं सांगायला कोणी आलं नाही तर शेजारीसुद्धा मांडवाकडे पाठ करून घरी भाकर खातो. मीही खाल्ली असती.

"बाबा, हे सारं आता जुनं झालं," असं पुंडलिकरावाचा पोरगा अंकुर म्हणाला. तो पुण्यात काहीतरी 'कंटेंट' बनवतो. नेमकं काय बनवतो ते मला अजून कळलेलं नाही, पण दिवसभर खुर्चीत बसून दमतो बिचारा. "उन्हात काहून फिरता? तुमचा एक फोटो द्या अन् फोन द्या, मशीन व्हिडिओ बनवते. तुमीच प्रत्येकाले नाव घेऊन बोलावसान. पर्सनल!"

पुंडलिकरावाला ऊन चुकवायचं होतं. त्याहून जास्त त्याला बाभुळगावचं एक दार चुकवायचं होतं, ते मी जाणून होतो. त्यानं फोन देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आयशाबी जेवत होतो तेव्हा व्हिडिओ आला. मागे राजवाडा, दोन्ही बाजूंना सोंड हलवणारे हत्ती, आकाशातून झेंडूचा पाऊस. मधोमध पुंडलिकराव. डोक्यावर फेटा, गालावरचा मस गायब, पुढचे दोन दात जे तंबाखूनं नेले होते ते परत आलेले. डोळ्यांत पाणी आणून तो अशा मराठीत बोलू लागला की मी घास खाली ठेवला.

"आदरणीय निजामुद्दीन पंक्चर! आपल्या उपस्थितीविना आमच्या लाडक्या कन्येचा विवाहसोहळा अपूर्ण आहे."

आयशाबीला ठसका लागला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, परत लावा.

आता मला राग कशाचा आला ते नीट सांगतो. मी तरुण असताना पंक्चर काढायचो, खरं आहे. ते सोडून जमाना झाला. पण पुंडलिकरावाच्या फोनमध्ये मी अजून त्याच टायरला ठिगळ लावत बसलो होतो. अंकुरच्या मशीननं फोनातली नावं जशीच्या तशी उचलली, प्रत्येकापुढे 'आदरणीय' लावलं आणि पाठवून दिलं. आणि फोनात आपण नावं कशी लिहून ठेवतो हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. बोअर मारणारा लालसिंग 'आदरणीय लालसिंग कोरडी बोअर' झाला होता. मजूर बायांना कामावर आणणारी गंगी 'आदरणीय गंगी उशिरा येते' झाली होती. भीमराज हा पुंडलिकरावाचा शाळेपासूनचा दोस्त. तो चौकात सगळ्यांना थांबवून व्हिडिओ दाखवत होता. त्यात पुंडलिकराव गहिवरून म्हणत होता, "आदरणीय भीमराज उचलू नको!"

"आता मले समजलं," भीमराज म्हणाला, "हा माहा फोन काहून उचलत नाही थे."

गंमत अशी की ग्रुपवर या सगळ्यांनीच पुंडलिकरावाला हात जोडले, लाल बदाम पाठवले आणि 'अभिनंदन, नक्की येऊ' लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, फोननंच ते सुचवलं आणि यांनी अंगठा ठेवला. मशीननं बोलावलं, मशीननं होकार दिला. त्या दोघांनी मांडवात येऊन एकमेकांना वाढलं असतं तरी चाललं असतं. अंकुर मात्र आकडे मोजून खूश होता.

मग अपेक्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा आवाज आमच्या अंगणात ऐकू येत होता. "बाबा, विमलआत्याच्या व्हिडिओत काय नाव आलं?"

अंकुरनं पाहिलं आणि फोन खिशात घातला. तिनं तो काढून घेतला आणि लावला. भिंतीच्या या बाजूला मी आणि आयशाबीनंही ऐकलं.

"आदरणीय बाभुळगाव कटकट! आपल्या उपस्थितीविना..."



विमलताई म्हणजे पुंडलिकरावाची थोरली बहीण. बाभुळगावला दिलेली, यजमान गेल्यापासून एकटी राहते. अपेक्षा कॉलेजला तिथे तिच्याच घरी राहून शिकली. पुंडलिकरावानं नवीन घर बांधलं तेव्हा वास्तूच्या जेवणाचं सगळ्यांना फोनवर कळवलं. जो मेसेज ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्याला, तोच बहिणीला. विमलताई आली नाही. "आवतण नाही देल्लं, बातमी देल्ली," एवढंच ती बोलली. हाही गेला नाही. त्यानंतर भाऊबीज बंद, राखी बंद, तोंडं बंद. तेव्हाच त्यानं चिडून फोनात तिचं नाव बदललं असणार.

अपेक्षा रडली नाही, ओरडली नाही. ती म्हणाली, "पहिली हळद आत्याच्या हातानं लागन. आत्या नाही आली तं मी पाटावर बसत नाही. तुमी अन् तुमचे हत्ती पाह्यजा काय करायचं थे." आणि ती आत गेली. ही पोरगी बोलल्याप्रमाणे करते, हे सगळ्यांना माहीत होतं. हळद परवावर आली होती.

सकाळी पुंडलिकराव माझ्या दारात. हातात कुंकवाची डबी, अक्षतांची पुडी, चेहरा उतरलेला. "निजामभाई, गाडी काढ. बाभुळगावले जाऊ."

"पंक्चर झाली तं काढाले माणूस सोबत पाह्यजे म्हणून?" मी म्हटलं.

"तू बी टोमणे मारजो. मार." तो मागे बसला.

यवतमाळात आम्ही चहाला थांबलो. तिथे पुंडलिकरावानं चष्मा लावला आणि फोन काढून पुटपुटू लागला. अंकुरनं त्याला माफीनामा पाठवला होता, मशीनकडूनच लिहून घेतलेला. 'प्रिय ताई, माझ्या वर्तनामुळे आपल्या भावना नकळत दुखावल्या गेल्या असल्यास...'

"हे पाठ करून राह्यला काय तू?"

"मले असं बोलता येत नाही ना गा. तोंड उघडलं का भांडण होते. पोट्टा म्हणे, हे म्हणा, बाकी काही बोलू नोका." माझी चेष्टा तिथेच जिरली. भर सभेत आमदाराशी हुज्जत घालणारा हा माणूस बहिणीच्या दाराला घाबरत होता.

विमलताईच्या अंगणात खाटांवर कुरड्या वाळत होत्या. गुलाबी आणि हिरव्या. रंगीत कुरड्या रोजच्या खाण्यासाठी कोणी घालत नाही. त्या फक्त नवरीच्या रुखवतात मांडतात. पुंडलिकरावाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फाटकाशी चपला काढून उभा राहिला.

विमलताई ओसरीवर काठी घेऊन कावळे हाकत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि काठी खाली ठेवली नाही.

"कोण होय?"

"मी पुंडलिक."

"कायच्यावरून? काल एक पुंडलिक येऊन गेला मोबाईलमधी. दात होते त्याले. लय गोड बोलला. डोयात पाणी होतं बापा त्याच्या."

पुंडलिकरावानं घसा साफ केला. नजर जमिनीवर ठेवली आणि सुरू झाला. "ताई, माझ्या वर्तनामुळे आपल्या भावना नकळत दुखावल्या गेल्या..."

"निजामभाई," विमलताई मला म्हणाली, "हा बी मोबाईलमधलाच हाय. याले घेऊन जा वापस."

"...गेल्या असल्यास मी आपली..."

"जा म्हटलं ना. माह्या भावाले आपली-तुपली येत नाही. थो मले अरे-तुरे करते, लहानपणापासून. हे कोणाले धरून आणलं तुमी?"

मग पुंडलिकरावाचा बांध फुटला. तो असा ओरडला की कुरड्यांवरचे कावळे आपोआप उडाले. "हो! लिहिलं मी कटकट! हायसच तू कटकट! वास्तूले फोन केला तं मानपान काढत बसली. एका भावाले एक बहीण, अन् तिले दारात अक्षता पाह्यजे! मले मजूर भेटत नोहते, गवंडी पळाला होता, घरात तुही वहिनी आजारी. एक दिवस येऊन पाह्यलं असतं तं झिजली असती? घर बांधलं मी, पाच खोल्या बांधल्या. त्यातली एक तुह्यासाठी बांधली. कोणी झोपत नाही तिथं. वहिनीनं त्यात कांदे ठेवले तं मी फेकून देल्ले कांदे! तुह्याबिगर वास्तू झालीच नाही माही. मले त्या घरात करमत नाही, अन् हे सांगाले मी कोणाकडं जाऊ? तू तं बोलत नाही!"

एवढं बोलून तो पायरीवर बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागला. गालावर मस होता, दात नव्हते, नाक गळत होतं. त्याच्या मागे एकही हत्ती उभा नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि माझा त्याच्यावरचा रागही गेला, पंक्चरसकट.

विमलताईनं काठी भिंतीला टेकवली. पदरानं आधी त्याचं नाक पुसलं, मग स्वतःचे डोळे.

"पुंड्या," ती म्हणाली, "थो व्हिडिओ मी रातभर पाह्यला. राजवाडा तुहा नोहता, फेटा तुहा नोहता, बोलणं तुहं नोहतं. एक कटकट तेवढं तुहं होतं. तेवढं आलं का मी थांबवायची अन् मांगं नेऊन परत लावायची. म्हटलं, चला, याच्या फोनमधी मी हाय तं खरी."

पुंडलिकरावानं पुडी उघडली, अक्षता तिच्या हातावर ठेवल्या, बोटानं कुंकू लावलं.

"चूलबंद हाय, ताई."

"एकटीची चूल माही. थे बंद कराले तुले तीन साल लागले," ती म्हणाली आणि आत बॅग भरायला गेली. बॅग भरलेलीच होती. मी खिडकीतून पाहिली.

विमलताई रिक्षानं, आम्ही मोटारसायकलनं, असे परतलो. रिक्षात कुरड्यांचे डबे होते. संध्याकाळी मी गाडी माझ्या दारात लावली. पुंडलिकराव उतरला, फाटकाबाहेर गेला आणि परत वळून आला. माझ्याच अंगणातून बाहेर गेलेला माणूस माझ्याच दाराची कडी वाजवत उभा राहिला. आयशाबीनं दार उघडलं.

"भाभी, पोरीचं लगन हाय. चूलबंद आवतण. तुमी, निजामभाई, सारे."

आयशाबीनं अक्षता ओंजळीत घेतल्या. मग गंभीर तोंड करून विचारलं, "अन् मोबाईलमधलं नाव?"

पुंडलिकरावानं फोन पुढे केला. माझ्या नावापुढे 'गिअरबॉक्स' झालं होतं. त्यानंतर तो उरलेल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी उन्हात गावातलं एकेक दार फिरला. गंगीच्या दारात त्यानं शिव्या खाल्ल्या, लालसिंगाच्या दारात चहा घेतला आणि भीमराजाच्या दारात दोघेही बराच वेळ हसत बसले. अंकुर डबी धरून मागे मागे होता. त्याला गावात कोण कुठे राहतं हे पहिल्यांदाच कळत होतं.

त्याच संध्याकाळी हळदीला मांडव भरून गेला. विमलताईनं अपेक्षाच्या गालाला पहिली हळद लावली आणि लगेच सुरू झाली. हळद पातळ कालवली, पाट वाकडा मांडला, मांडवाचा खांब उगवतीला पाहिजे होता, वाजंत्रीवाले झोपले काय. अंकुर फोन घेऊन समोर आला तर म्हणाली, "थे ठेव खाली अन् पाणी आण." सगळे तिच्यापुढे पळत होते.

पुंडलिकराव मांडवाच्या कडेला हात बांधून उभा होता. कोणीतरी त्याच्याकडे तक्रार घेऊन आलं, की तुमच्या बहिणीला जरा सांगा. तो माझ्या कानाशी वाकला.

"आयकून राह्यला ना निजामभाई?" तो हळूच म्हणाला. "एक नंबर ओरिजनल हाय."