सतरा नंबरचा डबा

शुक्रवारी चार वाजता अभ्यासाची यादी बंद होणार होती, आणि सतरा नंबरच्या डब्यातली एक्क्याऐंशी माणसं त्यातून कायमची गळणार होती.

मूंटा गावच्या अकरा वर्षांपूर्वीच्या शिबिरातलं सगळं रक्त त्या डब्यात होतं. म्हणजे ती यादी तपासणाऱ्या रोवेनाच्या वडिलांचंही. त्यांना विसर पडायला लागण्याच्या आदल्या वर्षीचं ते रक्त. आजार दिसण्याआधी शरीरात काय बदलतं, हेच तर या अभ्यासाला शोधायचं होतं. जूनमध्ये ते गेले. नळ्यांवर नावं नसतात, आकडे असतात. त्यांचा आकडा शोधणार नाही, असं रोवेनानं लिहून दिलेलं होतं.

"ऐंशी नळ्या खोटं बोलतायत," अभ्यासाची प्रमुख लॉर्ना म्हणाली. "शिबिराच्या वेळीच तपासलेली जनुकं एकाची, आता या नळ्यांतली प्रथिनं दुसऱ्याची. बायकांच्या रक्तात पुरुषांच्या खुणा. असलं काही मिसळून म्हातारपणाचा हिशेब मांडू?"

"आणि उरलेली एक?"

"ती जुळते. अंधारात मारलेला एखादा दगड लागतोच. सोड आता, रोवेना."

"चार वाजेपर्यंत नाही सोडत."

दुपारी तिनं आईनं पाठवलेल्या पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, टेबलावर काढल्या. मूंटाच्या रीतीप्रमाणे प्रत्येकीच्या एका टोकाला कणकेचं अक्षर होतं. ते टोक शेवटी खायचं, म्हणजे उरलेला तुकडा कुणाचा ते कळतं. बाबांच्या नावाची एक 'डी'ची आई अजून करतच होती.

"अरे वा, माझ्या नावाचीसुद्धा!" प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना माणूस, डेस, म्हणाला आणि त्यानं अक्षरालाच दात लावला.

रोवेना म्हणाली, "नावच खाल्लंस की रे! उलट्या टोकानं सुरू केलंस."

"मी डावखुरा बाई. तुमचं उलटं ते माझं सुलटं."

तिचा घास तोंडातच राहिला.

"डेस, सतरा नंबरचा डबा कुणी भरला होता?"

"मीच. का गं?"

"कुठल्या कोपऱ्यापासून?"

डेसनं पेस्टी खाली ठेवली. नऊ ओळी, ओळीत नऊ खण. त्यानं हवेत हात फिरवून बघितला, आणि त्याचा चेहरा उतरला. "देवा! समोर डबा उलटा ठेवला असेल, तर माझी पहिली म्हणजे तुमची शेवटची."

"म्हणजे बरोबर मधली तेवढी जागची हलत नाही," रोवेना म्हणाली. जुळत होती ती एक्केचाळिसावीच.

तिनं सगळी यादी खालून वर लावली आणि एकेक नळी तपासायला घेतली. जनुकं, त्यांनी पेशीला धाडलेले निरोप, त्यातून झालेली प्रथिनं: तिन्ही एकाच माणसाची. दुसरी जुळली. तिसरी जुळली. घाई न करता ती एक्क्याऐंशीपर्यंत गेली.

"आकडे जुळले म्हणून मी सही करणार नाही," लॉर्ना म्हणाली. "डबा दाखवा."

डेसनं जाड हातमोजे चढवून शीतपेटीतून डबा काढला. जिथून मोजायला सुरुवात करायची तो डब्याचा खाचेचा कोपरा एकीकडे होता, आणि त्याच्या हातचा शाईतला 'एक' बरोबर समोरच्या कोपऱ्यात.

"अकरा वर्षं, डेस!" लॉर्ना म्हणाली.

"झापायचं ते सोमवारी झाप. आधी सही कर."

लॉर्नानं सही केली तेव्हा चारला दहा कमी होते.

"मधली ती तुझ्या बाबांची असेल का गं?" डेसनं हळूच विचारलं.

"शोधायचं नाहीये, डेस."

रोवेनानं एक्क्याऐंशी आकडे एकामागून एक यादीत घातले. एक्केचाळिसाव्यावरही तिनं बोट थांबू दिलं नाही.