वर केलेला हात

एक हात, कोपरापासून ताठ वर.

जिन्यात अडकलेलं स्ट्रेचर.

सभेच्या दारातला गोड आवाज: "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं, ताई!"

जिन्याच्या भिंतीएवढं पोस्टर: 'प्रसूतिगृहांचं नवं धोरण. लोकांनीच ठरवलं.'

पोस्टरवरचा हात आपलाच आहे, हे सिस्टरला स्ट्रेचर सोडवताना दिसलं. घड्याळ मनगटाच्या आत फिरवून बांधायची खोड सगळ्या दवाखान्यात तिची एकटीची.

महिन्यापूर्वी एका खासगी फाउंडेशनने सभा घेतली होती. आरोग्य खात्याचं धोरण फाउंडेशनवालेच लिहून देत होते: छोटी प्रसूतिगृहं बंद, सगळ्यांनी शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात जायचं. सिस्टरचं सहा खाटांचं प्रसूतिगृहही त्यात होतं. तिने प्रश्न विचारायला हात वर केला. माइक काही आला नाही, कॅमेरा तेवढा आला.

आज शेवटची सभा. उद्या आरोग्य खात्याच्या साहेबांची सही.

"मावशी, काहीही झालं तरी हात मांडीखाली," सिस्टर आयाबाईंच्या कानात म्हणाली.

"मुंग्या येतील गं."

"येऊ देत."

निरोप रांगेरांगेतून मागच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"कुणाला काही विचारायचंय?" फाउंडेशनच्या मॅडम गोड हसल्या. "हात वर करा."

एकही हात हलला नाही. फोटोवाला उगाच भिंग पुसत बसला.

सिस्टर उठली, हात पाठीमागे बांधून. "हे ठरवायला तुम्हाला बसवलं कुणी?"

"आम्ही फक्त मदत करतो, ताई."

"करा की! खाटा द्या, चादरी द्या, डोक्यावर घेऊ. पण कुलूप लावणं ही कुठली मदत? आम्ही निवडून दिलेला माणूस चुकला तर पुढच्या खेपेला त्याला घरी बसवतो. तुम्ही चुकलात तर कुणाच्या दारात जायचं?"

"आमचा हेतू चांगला आहे."

"असेल. बाळंतीण हेतूवर नाही झोपत, खाटेवर झोपते."

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे.

"तुमचा मुद्दा नोंदवून घेतो," साहेब पुटपुटले.

"नोंदवू नका. उत्तर द्या. तोवर मी उभी आहे."

मागे खुर्च्या सरकल्या. एकेक करत सगळे उभे राहिले, हात पाठीमागे.

"आता काढ की रे फोटो!" मावशी फोटोवाल्यावर खेकसल्या. "आणि तोंडं उघडी दिसू देत आमची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

ते पोस्टर पहिल्या सभेच्या आठवडाभर आधीच तयार झालं होतं. हाताची जागा तेवढी कोरी ठेवली होती.