ऐंशी मीटरवरचा माणूस

"साहेब, मनोऱ्यावर कुणीतरी चढायलंय."

सर्वेशने मान वर न करता विचारलं, "कोणत्या?"

"समुद्रातल्या."

जुलैचा दुसरा आठवडा होता. पावसाळ्यात तिकडे बोट जात नाही. कोकण किनाऱ्यापासून तीस किलोमीटर आत रोवलेला तो मनोरा दीड महिन्यापासून एकटाच उभा होता. समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या तर आधी तिथला वारा वर्षानुवर्षं मोजावा लागतो, ते आकडे सरकारला द्यावे लागतात. मनोऱ्यावरचे आकडे लातूरच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात येत. ते तपासायचं काम जगदेवीचं. शिरूर अनंतपाळहून रोज एसटीने येणाऱ्या या बाईने समुद्र कधी पाहिला नव्हता.

"हे बघा. दहा वाजून दहा मिनिटांनी वीस मीटरवरचा वारा पडला. मग चाळीसवरचा. मग साठवरचा."

मनोऱ्यावर माणूस चढला की वारा मोजणाऱ्या वाट्यांच्या आड त्याचं अंग येतं आणि तेवढ्यापुरता त्या उंचीवरचा आकडा घसरतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा हणमंत त्याच मनोऱ्यावर दुरुस्तीला चढायचा. तो तिकडे, ती इकडे; पण घसरत्या आकड्यांबरोबर ती त्याच्यासोबत वर जायची आणि त्याच्यासोबतच खाली यायची. त्याचा डावा गुडघा दुखायचा. साठ मीटरवर तो अकरा मिनिटं थांबायचा.

"साठवर अकरा मिनिटं," जगदेवी म्हणाली. "चार दिवस झाले, रोज. ऐंशीवर जातंय, अन् उतरतच न्हाई."

सर्वेश तिचा वरिष्ठ. वयाने मात्र लहान. तो घोटभर पाणी प्यायला. "ताई, वाट्यांत ओल शिरली असेल. त्या ओळी काढून टाका. कारण लिहा, बिघाड. सोमवारी अहवाल जायचाय."

"मागल्या वेळेसबी तुम्ही हेच म्हणले होते."



मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी चार वाजता त्याने असंच सांगितलं होतं. सकाळी चढण्याच्या ओळी आल्या होत्या, उतरण्याच्या आल्या नव्हत्या. तिला वाटलं, खरंच बिघाड. तिने आपल्या हाताने सगळा चढ पुसला. संध्याकाळी फोन आला, की हणमंत निष्काळजीपणाने बोटीवरून घसरला, सापडला नाही. कंपनीने लिहून दिलं होतं, वारा जोराचा असल्याने त्या दिवशी मनोऱ्यावर कुणालाच चढवलं नव्हतं.

"मला वरून सांगितलं होतं, ताई. काय झालंय ते मला माहीत नव्हतं."

"मला तरी कुठं माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी दोघं दहाच्या आधीच स्क्रीनसमोर बसले. दहा वाजून दहा मिनिटांनी वीसचा आकडा घसरला. मग चाळीसचा. साठवर तो घसरला आणि तसाच राहिला. अकरा मिनिटं. बाहेर रिक्षावाला क्लासच्या पोरांना हाका मारत होता.

मग ऐंशीवर. वाऱ्याचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. खाली तिन्ही उंचींवर तुफान वाहत होतं आणि तिथे, एवढ्या वर, एक मिनिट पान हलावं इतकाही वारा नव्हता.

मग तो पुन्हा सुरू झाला.

"काय लिहू?" तिने विचारलं.

 सर्वेशने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

जगदेवीने कारणाच्या रकान्यात लिहिलं: माणूस वर आहे. उतरलेला नाही. मग वेगळ्या कागदावर अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. मे महिन्यातल्या त्या ओळी मी पुसल्या, कुणाच्या सांगण्यावरून पुसल्या, त्यांत काय होतं. खाली सही केली. सर्वेश बराच वेळ पेन हातात धरून बसला. शेवटी त्यानेही केली.

अर्ज गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी चारही उंचींवर वारा सरळ वाहत होता. ती दुपारपर्यंत बघत बसली. कुणी चढलं नाही. त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

आठवड्याभरात दोघांनाही कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

सप्टेंबरात समुद्र निवला आणि चौकशीची बोट गेली. ऐंशी मीटरवरच्या कठड्याला सुरक्षेच्या दोराचा आकडा अडकवलेला होता. दोर मध्येच तुटलेला.

दोराची ओळख पटवायला अधिकाऱ्याने तिला लातूरला बोलावलं. सोबत सासू आली, पार्वतीबाई. चार महिने तिने सुनेचं कुंकू पुसू दिलं नव्हतं.

टेबलावरच्या दोराच्या पट्टीवर हणमंतचं नाव होतं, उन्हाने विटलेलं. जगदेवी म्हणाली, "ह्यांचाच हाय," आणि दाखवल्या जागी सही केली.

पार्वतीबाईने दोराचं टोक उचललं. त्यावर पांढरं काहीतरी साचलं होतं. तिने ते जिभेला लावून पाहिलं.

"आत्या..."

"मीठ हाय, वरल्या वाऱ्याचं," म्हातारी म्हणाली. "चढला होता माझा लेक. घसरला न्हवता."

मग बैल सुटल्यावर कासरा गुंडाळतात तसा तिने तो दोर कोपर आणि पंजा यांच्यामध्ये सावकाश, एकेक वेढा देत गुंडाळला. टोक आत खोचलं. दोन्ही हातांनी पुढे केला.

"घ्या. नीट ठेवा."

तो घ्यायला अधिकारी खुर्चीतून उठून उभा राहिला.