मार्लिसचा डावा हात

क्लेटन फेल्डकँप आपल्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, घेऊन थेट बहिणीच्या परसात येऊन उभा राहिला, तेव्हा मार्लिस वाळलेले भोपळ्याचे वेल उपटत होती.

"ताई, जरा पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. बोल, काय हवंय?"

"तो आपला हात मागे न्यायचा डाव आठवतोय? कोठाराच्या मागे खेळायचो तो."

मार्लिसने गुडघा चोळत कंबर सरळ केली. आठवत नसायला काय झालं? डाव तिचाच होता. लहानपणी कापणी झालेल्या मक्याच्या शेतात सामने रंगायचे. एका बाजूला थोरला भाऊ रोलंड आणि शेजारची दांडगी पोरं, दुसऱ्या बाजूला ही आणि हा शेंबडा क्लेटन. अंगबळावर जिंकणं शक्यच नव्हतं. मग तिने शक्कल काढली. उजवा हात चेंडू फेकायच्या आवेशात वर न्यायचा आणि चेंडू मात्र डाव्या हातात, पाठीमागे. क्लेटन मागून येऊन तो अलगद उचलायचा आणि धूम ठोकायचा. रोलंड दर वेळी वरच्या हाताकडे बघत राहायचा.

आता रोलंड नदीपलीकडच्या वॉर्बी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होता आणि क्लेटन अलीकडच्या लिंडहोमचा. मक्याची कापणी आटोपली की दरवर्षी दोघांच्या संघांची गाठ पडे, आणि गेली कित्येक वर्षं क्लेटन मार खाऊन घरी येई. येत्या शनिवारी पुन्हा तोच सामना होता.

"डाव जुनाच आहे, सगळ्यांना माहीत असतो," क्लेटन म्हणाला. "पण आमची पोरं करायला गेली की चेंडू दिसतो. तुझा कधी दिसला नाही."

"आणि रोलंड माझा कोण, सावत्र?"

"तुला कुठे काय करायचंय? नुसतं दाखव."

एमेट नावाचा तो उंच पोरगा मान खाली घालून उभा होता. त्याने एकदा करून दाखवलं. ते बघून मार्लिसला राहवेना. तिने बागेतले हातमोजे काढले.

"लपवू नकोस रे चेंडू. लपवायला गेलास की खांदा उतरतो. आपण खरंच फेकणार आहोत असं आधी तुलाच वाटायला पाहिजे. बघ माझ्याकडे."

"हो, मॅडम."

वाळत घातलेल्या चादरींमधून क्लेटन चेंडू घेऊन पळत होता, मार्लिस ओरडत होती, आणि पाच मिनिटांची संध्याकाळ कधी झाली कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोलंड नेहमीसारखा कॉफीला आला. मार्लिस त्याच्या नजरेला नजर देईना.

"अशी गप्प का? गुडघा दुखतोय?"

"हो. गुडघाच."

जाताना त्याने मागच्या दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घातलं, दार चार वेळा उघडून बघितलं आणि "आता आवाज नाही करायचं" म्हणाला. मार्लिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी ती आणि तिचा नवरा नॉर्ब दरवर्षीप्रमाणे प्रेक्षकांत बरोबर मधोमध बसले. डावीकडे वॉर्बीची हिरवी गर्दी, उजवीकडे लिंडहोमची तांबडी. नॉर्बने चिलीच्या, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याच्या, वाटीत दालचिनीचा गोड रोल बुडवून खायला सुरुवात केली. मार्लिसची वाटी तशीच गार होत होती. सामन्याचा तिसरा भाग सुरू झाला तेव्हा वॉर्बीचे सतरा गुण झाले होते आणि लिंडहोमचे सहा.

"यंदाही क्लेटनची धुलाई," नॉर्ब म्हणाला.

"नॉर्ब, मी एक उद्योग करून ठेवलाय."

"कसला?"

"सांगते नंतर. समोर बघ."

लिंडहोमचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न होता आणि चेंडू अजून चार यार्ड पुढे न्यायला हवा होता, नाहीतर तो वॉर्बीकडे जाणार होता. मैदानाच्या मध्यावर अशा वेळी कुणीही कोच चेंडू लाथेने लांब उडवून देतो. पण क्लेटनने एमेटला मैदानातच ठेवलं आणि टोपी काढून प्रेक्षकांकडे बघितलं.

चेंडू एमेटच्या हातात आला. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने उजवा हात वर उचलला. वॉर्बीचे दोन आडदांड गडी हात पसरून उंच उडाले. बाकीचे पास अडवायला दूर पळाले. पलीकडच्या कडेला उभ्या रोलंडने मान वळवून लांब बघितलं, जिथे चेंडू पडायला हवा होता तिथे. तेवढ्यात लिंडहोमचा राफा नावाचा बुटका पोरगा एमेटच्या पाठीमागून आला, त्याने एमेटच्या डाव्या तळव्यावरचा चेंडू फांदीवरचं फळ काढावं तसा काढला आणि मोकळ्या बाजूने सुटला.

क्षणभर सगळं मैदान एका रिकाम्या हाताकडे बघत होतं.

"चेंडू कुठाय?" नॉर्बने तोंडातल्या घासासकट विचारलं.

"त्या बुटक्याकडे."

रोलंडला उमगलं तेव्हा त्याने कानावरचं यंत्र ओढून काढलं आणि हात हलवत कडेकडेने धावत सुटला. त्याचं ओरडणं त्याच्या पोरांपर्यंत पोचलं तेव्हा राफा गोलरेषा ओलांडून, मागे कुणीच नाही हे बघून गोंधळला होता. तांबडी गर्दी उसळली. मार्लिसही उभी राहिली होती, आणि तिचा डावा हात आपसूक पाठीमागे गेला होता. हिरव्यांच्या बाजूला बसलेल्या ओळखीच्या बाईने तिच्याकडे बघितलं तशी ती पटकन खाली बसली.

तिथून खेळ फिरला. वॉर्बीच्या पोरांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. एमेटने हात वर केला की निम्मी त्याच्या पाठीमागे बघायची, आणि मग तो खरोखर फेकायचा. शेवटी लिंडहोम वीस, वॉर्बी सतरा.

गाड्या उभ्या होत्या तिथे रोलंड टोपी हातात घेऊन हळूहळू चालत आला. त्याला बघताच नॉर्बला टायर तपासायची आठवण झाली.

"मार्लिस."

"मला माहीत आहे तू काय म्हणणार ते."

"तो पोरगा चेंडू मागे नेताना जीभ दातांत धरत होता. अशी जीभ धरणारं मी आयुष्यात एकच माणूस बघितलंय."

"जीभ मी शिकवली नाही. ती त्याने आपणच उचलली."

रोलंडचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, रडतोय की काय; पण तो हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मी बिजागरीला तेल घालतोय, आणि बाईसाहेब गप्प!"

"रात्री झोप नाही लागली मला."

"बरं झालं. लागायला नकोच होती." त्याने डोळे पुसले. "पण तू त्याच्याच बाजूने का गं नेहमी?"

"तू मला कधी तुझ्या बाजूला घेतलंस का? दांडगी पोरं निवडायचास."

रोलंड टोपी हातातल्या हातात फिरवत राहिला. "घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. "तेव्हा मला डोकं कुठे होतं? माझाही एक क्वार्टरबॅक आहे. गुणी आहे. आणू का त्याला?"

क्लेटन तेवढ्यात भिजलेल्या कपड्यांनी तिथे पोचला होता. पोरांनी जिंकल्याच्या आनंदात त्याच्यावर थंड पाण्याचं पिंप ओतलं होतं.

"ताई, हे चालणार नाही हां. तू नदीच्या अलीकडे राहतेस."

"नदीशी माझं काही भांडण नाही," मार्लिस म्हणाली. "तू आधी अंग पूस, थंडी भरेल. रोलंड, आण त्याला. पण हाच डाव मागू नकोस. दुसरा एक आहे, तो या क्लेटनलासुद्धा मी कधी दाखवला नव्हता."

"कुठला?" दोघं भाऊ एकदमच म्हणाले.

मार्लिसने गाडीचं दार उघडलं, चिलीची गार वाटी नॉर्बच्या हातात दिली आणि दुखरा गुडघा सांभाळत आत बसली.