वाढत्या अंगाचं

सोमवारी सकाळी रेवा माझ्याहून दोन बोटं उंच होती. दुपारी दत्तक कार्यालयातून बाहेर पडलो तेव्हा ती माझ्या कानाला लागत होती. तिचा धाकटा भाऊ निमिष माझ्या खांद्याशी होता, तो कोपराशी आला. मी पस्तीस वर्षं इचलकरंजीत शिवणकाम करते. मापात माझी नजर चुकत नाही.

ही माझ्या नणंदेची, शैलाची मुलं. ती लग्न करून या परक्या देशात आली आणि दहा वर्षांपूर्वी नवरा-बायको दोघंही अपघातात गेली. तेव्हापासून मुलं इथल्या सरकारी वसतिगृहात. आम्ही दहा वर्षं दत्तकाचे अर्ज केले. रेवा पंधराची आणि निमिष तेराचा झाल्यावर कार्यालयाला आमचा अर्ज सापडला. आता सहा दिवस, रोज एक शिक्का, आणि शनिवारी संध्याकाळी विमान.

"मुलं लहान होताहेत," मी खिडकीवरच्या बाईंना सांगितलं.

"फाइलप्रमाणे होताहेत," त्या म्हणाल्या. त्या खिडकीवर ज्याच्या त्याच्या भाषेत बोलत. त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. आत एकच फोटो होता. पाच वर्षांची रेवा, कडेवर तीन वर्षांचा निमिष. "आम्ही फोटोतली मुलं देतो. तुमची मुलं फोटोपेक्षा मोठी आहेत. शनिवारपर्यंत जुळतील. दुखत नाही."

"दहा वर्षं तुम्हीच लावलीत की!"

"हो," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक यांच्या फाइलची आणि कापायचं ते पोरांना!

संध्याकाळी हॉटेलवरून घरी फोन केला. माझ्या नवऱ्यानं, यशवंतनी, सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आई म्हणते, बरंच झालं. पोरं कोवळी असली की वळण लागतं. मोठ्या पोरांचं अवघडच असतं."

"आईंना सांगा, मी पोरं न्यायला आलेय, ओली माती नाही."

"बरं. पण माळ्यावरचा पाळणा काढून ठेवू का?"

मी फोन ठेवला. रेवा निमिषचे मोजे धूत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामी, ती दहा वर्षं काही चांगली नव्हती. पण माझी आहेत. याला पोहायला मी शिकवलं. याचा ताप मी काढला. मी पाचची झाले तर मला ते आठवणार नाही. मग याला कुणी वाढवलं म्हणायचं?"

"तुला पंधराचीच घरी नेणार," मी म्हटलं.

आणि मंगळवारी मीच माती खाल्ली. मी तिच्यासाठी निळा फ्रॉक शिवून आणला होता. वाढत्या अंगाचा, खाली चांगला चार बोटं दाब, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवून. दुसऱ्या शिक्क्यानंतर तो तिच्या पायात यायला लागला. ढगळ कपड्यातलं पोर मला बघवत नाही, हातांना सवयच नाही. कात्री दारावरच्या शिपायानं पहिल्याच दिवशी काढून घेतली होती, पण सुई पदराला टोचलेली होती. मी फ्रॉक वर दुमडून तुरपाई घातली आणि दोरा दातानं तोडला. बुधवारी बाईंनी खिडकीतून हात काढून ती दुमड चाचपली. फाइलमध्ये लिहिलं : पालकांची हरकत नाही.

"हरकत आहे!" मी ओरडले. "शंभरदा हरकत आहे!"

"मग शिवलंत कशाला?" त्यांनी विचारलं आणि शिक्का मारला.

गुरुवारी हॉटेलवाल्यानं दोन खाटा काढून नेल्या. तिघांना आता एक पुरेल, असा कार्यालयाचा निरोप होता. शुक्रवारी निमिष पोहणं विसरला. पोहायचं म्हणजे काय करायचं, असं विचारत होता. रेवानं मला दोनदा 'आई' म्हटलं आणि दोन्ही वेळा चुकलं म्हणून रडली.

शनिवारी कार्यालयाची खिडकी भिंतीत वर सरकून माझ्या कपाळाच्या वर गेलेली होती. रेवा माझ्या कमरेशी आणि निमिष तिच्या कडेवर. बाईंनी शेवटचा शिक्का उचलला.

"थांबा. आधी फोटो हातात द्या. कापड बघितल्याशिवाय मी माप कबूल करत नाही."

हे त्यांच्या नियमात बसत असावं, कारण त्यांनी फोटो खाली सोडला. त्याची खालची कड बोटांना जाड लागली. मी उलटा करून पाहिला. कड आत दुमडून तुरपाई घातलेली होती. टाके लांब-आखूड, पण दोरा दुहेरी आणि मेण ओढलेला. शैलाचा हात! माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तिला शिवण शिकवलं. सरळ टाका तिला कधी जमला नाही, म्हणून मी तिला फार बोलले. दाब ठेवायला मात्र ती विसरली नव्हती.

मी सुईच्या टोकानं टाके उसवायला लागले. फोटो खाली उलगडू लागला. सहा वर्षांची रेवा आली. दात पडलेली सातची आली. मग पाण्यात निमिषच्या पोटाखाली हात धरून उभी असलेली नऊची. माझ्या शेजारी फ्रॉकची शिवण आपोआप सुटत होती. निमिष कडेवरून उतरला. बारा, तेरा. रेवा माझ्या कानाला लागली, मग दोन बोटं वर गेली.

"मामी," ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली.

"बस्स!" मी म्हटलं. "हेच माझं माप. मारा इथं शिक्का."

बाई पहिल्यांदाच खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. फोटोखाली लोंबणारं दोऱ्याचं टोक त्यांनी चिमटीत धरलं.

"अठरा पूर्ण झालेलं मूल आम्ही दत्तक देत नाही," त्या म्हणाल्या आणि ओढायला लागल्या.

टाके सटासट सुटू लागले. रेवानं माझा दंड धरला. तिचा हात माझ्या दंडावर मोठा होत होता. मी दोरा दातांत पकडला आणि सगळा जीव एकवटून चावले. तुटेना. दोरा कधी तुटू नये म्हणून त्याला मेण कसं ओढायचं, ते मीच शैलाला शिकवलं होतं.