शुक्रवारचा हप्ता

रुद्रप्पा बिराजदारला दोनच गोष्टींचा अभिमान. एक म्हणजे त्याच्या कात्रीखाली शाळेच्या गणवेशाचं वीतभर कापडसुद्धा वाया जात नाही, आणि दुसरी म्हणजे त्यानं कुणाचा पैसा कधी उशिरा दिला नाही. पहिली गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. दुसरी तो स्वतःच भेटेल त्याला ऐकवायचा. त्यामुळे बँकेतल्या साहेबानं कॉम्प्युटर त्याच्याकडं वळवून "काका, इथं तुमचा एक हप्ता उशिरा दिसतोय," म्हटलं, तेव्हा बिचाऱ्याला भर बाजारात थोबाडीत बसल्यासारखं झालं.

लेकीला, दानेश्वरीला, पुण्याला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जावर बापाची सही लागणार, म्हणून बँकेनं बापाचा सगळा कर्जाचा इतिहास काढला. त्यात तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टच्या चौकोनात लाल शेरा होता. फायनान्स कंपनीकडनं घेतलेलं मोटारसायकलीचं कर्ज. हप्ता तीस दिवस उशिरा.

साहेब भला होता. म्हणाला, "बाकी सगळं चोख आहे हो. चूक कंपनीची असेल तर ऑनलाइन तक्रार करा, ते दुरुस्त करतील. नाहीतर उशीर का झाला ते लिहून द्या."

"लिहून काय द्यायचं?" रुद्रप्पा तिथंच उसळला. "उशीर झालाच न्हाय की!"

घरी आला तोच तणतणत. सुंदरम्मा शेंगांची चटणी कुटत होती. नवऱ्याच्या तोंडून 'ऑगस्ट' ऐकलं आणि तिचा हात तसाच वर राहिला.

"तुला आठवतं का नाही?" रुद्रप्पा म्हणाला. "पाच तारीख. मालकाकडनं उचल घेतली आणि कारखान्यातनं आल्या आल्या शिवानंदच्या हातात दिली. जा, काउंटर बंद व्हायच्या आत भरून ये म्हटलं. मी परत कारखान्यात गेलो, रात्री आल्यावर तुला विचारलं, भरला का? तू म्हणालीस, व्हय, भरला की."

"म्हणाले असंन," सुंदरम्मा म्हणाली, आणि पुन्हा कुटायला लागली. शेंगांचं पार पीठ झालं तरी तिचं कुटणं चालूच होतं.

तर ही मोटारसायकल कुणाची, तर शिवानंदची. थोरला पोरगा, टॉवेलच्या कारखान्यात माल पाठवायच्या कामावर. गाडी बापाच्या नावानं घेतलेली आणि दर पाच तारखेला हप्ता भरायला पोरगा जायचा. त्याच ऑगस्टात, त्या पाच तारखेनंतरच्या सोमवारी, होटगी रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. दोस्ताकडं निघाला असंल, असं रुद्रप्पा धरून चालला होता. गाडीचं भंगार झालं. पण कर्जाला काय त्याचं! ज्या गाडीनं पोरगं नेलं तिचे हप्ते रुद्रप्पानं पुढं दीड वर्ष भरले, दात ओठ खाऊन भरले, पण एकही चुकवला नाही. शिवानंद गेल्यावर पुढच्या महिन्यात काउंटरवर गेला, तर म्हणे मागचापण बाकी आहे. तेव्हा त्याच्या अंगात भांडायचं बळ नव्हतं. त्यानं दोन हप्ते मोजले आणि मान खाली घालून घरी आला.

आता मात्र बळ आलं होतं. "माझं पोरगं पैसे भरून आलं, आणि त्या काउंटरवरच्यानं खाल्ले," हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दानेश्वरीनं मोबाइलवर तक्रारीचं पान उघडलं. कारणं ठरलेली होती: खातं माझं नाही, रक्कम चुकीची आहे, हप्ता वेळेवर भरला होता. "तिसरं," रुद्रप्पा म्हणाला. तिनं बोट टेकवलं.

काही आठवड्यांनी उत्तर आलं: कंपनीनं नोंद तपासली, नोंद बरोबर आहे. झालं! रुद्रप्पानं सुट्टी टाकली, कंपनीच्या कचेरीत गेला आणि काउंटरवरच्या धुळा वाघमोडेच्या नावानं लेखी अर्ज देऊन आला. घरी येऊन म्हणाला, "सोडणार न्हाय मी त्याला. माझ्या मेलेल्या पोराच्या नावावर डाग लावतो व्हय!"

त्या रात्री सुंदरम्मानं ताट तसंच बाजूला सरकवलं. तिला बोलायचं होतं हो. तीन वर्षं रोज बोलायचं होतं. पण नवरा पोराच्या बाजूनं असा उभा राहिलेला बघितला की तिची जीभच उचलायची नाही. पोरगं गेल्यापासून हा माणूस नुसता कापड कापायचा आणि जेवायचा. या डागानं त्याला पुन्हा रागवायला, बोलायला लावलं होतं. ते काढून घ्यायचा तिला धीर होईना.

आणि मग एका संध्याकाळी धुळाच दारात उभा राहिला. तिशीतला, काटकुळा, अंगात कंपनीचा निळा शर्ट. सुंदरम्मानं नुकताच देवापुढं दिवा लावला होता.

"काका, आत येऊ का?"

"ये की. चोरी करताना नाही विचारलंस."

धुळा आत आला, पण बसला नाही. "काका, मी तुमचा रुपाया खाल्ला न्हाय. शिवानंद त्या दिवशी काउंटरवर आलाच नव्हता. तो माझा दोस्त होता, मी त्याच्या मातीला आलो होतो. पण साहेब म्हणतात, एकतर हे मिटव, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नको. बायकोला सातवा महिना लागलाय." त्यानं खिशातून नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "हा त्या हप्त्याचा पैसा. माझ्या पदरचा. घ्या, आणि अर्ज मागं घ्या."

"बघ!" रुद्रप्पा लेकीकडं वळला. "खाल्ला नसता तर दिला असता का? बघ दानू, कबूल झाला!"

"अप्पा, ते कबूल नाही झाले," दानेश्वरी हळूच म्हणाली, पण ऐकतो कोण. त्याचे डोळे भरून आले होते. पोरगं खोटं नव्हतं, हे त्याला त्या नोटांनी सांगितलं होतं. त्यानं हात पुढं केला.

सुंदरम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं नवऱ्याच्या हाताखालून नोटा उचलल्या आणि धुळाच्या मुठीत कोंबल्या.

"ने बाबा. तुझा पैसा तू ने."

"अगं, काय करतेस?" रुद्रप्पा ओरडला. "आज वार कुठला? शुक्रवार! दिवा लागलाय, आणि घरातली लक्ष्मी बाहेर देतेस? तूच ना सांगत असतेस?"

एके काळी हाच माणूस तिच्या या नेमाला हसायचा. शुक्रवारी दिवेलागणीनंतर घरातला पैसा बाहेर द्यायचा नाही, ही तिच्या अव्वाची म्हणजे आईची, चंद्रव्वाची शिकवण; मैंदर्गीहून लग्न होऊन येताना सोबत आणलेली. शेजारणीला सुटे पैसेसुद्धा ती द्यायची नाही. रुद्रप्पा थट्टा करायचा. पण पोरगं गेल्यावर भ्यायलेल्या माणसासारखा तोही पाळायला लागला होता.

"त्या दिवशीबी शुक्रवारच होता," सुंदरम्मा म्हणाली.

रुद्रप्पानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"श्रावणातला शुक्रवार. तुम्ही पैसे देऊन गेला आणि तो पायात बूट घालत होता. मी नुकता दिवा लावला होता. मी म्हटलं, शिवा, आज नको रे, लक्ष्मी बाहेर जाती, उद्या दे. तो हसला. अव्वा, कंपनीला लक्ष्मी कळत न्हाय म्हणाला. मी त्याची बाही धरली. तर बूट काढून ठेवलं त्यानं. माझ्यासाठी काढून ठेवलं." ती रुद्रप्पाकडं वळली. "तुम्ही चिडाल म्हणून मी तुम्हाला भरला म्हणून सांगितलं. शनिवारी त्याला डबल पाळी लागली. रविवारी कचेरी बंद. सोमवारी तो तितंच निघाला होता. दोस्ताकडं न्हाय. हप्ता भरायला निघाला होता."

ती आत गेली. कपाटातल्या तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीतून एक पाकीट घेऊन आली. दवाखान्यात पोराच्या कपड्यांबरोबर तिच्या हातात दिलेलं. त्यावर शिवानंदच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाडी'.

"मी अडवलं नसतं तर तो शुक्रवारीच भरून आला असता. सोमवारी त्या रस्त्याला गेलाच नसता." तिनं पाकीट टेबलावर ठेवलं. "ह्या पोराला नका बोलू. माझ्यापायी आणखी एकाचं लेकरू उघड्यावर नको."

धुळा मूठ तशीच छातीशी धरून उभा होता. "काकू," एवढंच म्हणाला. मग रुद्रप्पाकडं बघून, "येतो काका," म्हणाला आणि चपला पायात न घालता हातात घेऊनच बाहेर पडला. रुद्रप्पा दारापर्यंत गेला. "धुळा, सकाळी येतो मी कचेरीत. अर्ज फाडतो. साहेबासमोर माफी मागतो तुझी," म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच.

परत येऊन तो पाकिटासमोर बसला. उघडलं नाही. नुसतं ते अक्षर बघत राहिला. सुंदरम्मा भिंतीला टेकून वाट बघत होती. शिव्या देईल, हात उगारेल, माहेरी जा म्हणेल. तीन वर्षं तिनं हे सगळं मनात ऐकून ठेवलं होतं, आणि त्यातलं काहीही आलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"दुपारी जेवायला आलो होतो मी," रुद्रप्पा म्हणाला. "उचल सकाळीच मिळाली होती. खिशात होते पैसे. द्यायचे विसरलो. पुन्हा संध्याकाळी यायची खेप पडली त्यापायीच."

तो तिला समजावत नव्हता. त्याला ते आत्ताच आठवलं होतं. सुंदरम्मा त्याच्याकडं बघत राहिली आणि तिच्या काळजात चर्र झालं, कारण आता या घरात तिच्यासारखं रात्ररात्र जागणारं आणखी एक माणूस झालं होतं.

दानेश्वरीनं नाक पुसलं आणि मोबाइल हातात घेतला. "अप्पा, तक्रार मागं घेते मी. पण बँकेला कारण लिहून द्यायचंय. काय लिहू?"

रुद्रप्पानं पाकीट उचललं आणि सुंदरम्माच्या हातात परत दिलं. शालूत ठेवायला.

"लिही," तो म्हणाला, "हप्ता घेऊन मुलगा निघाला होता. पोचला न्हाय."